मास्तरांनी बेतलेलं न्हाणीघर

आमच्या बोळातल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. बोळाच्या तोंडाशी खरे शाळामास्तर राहत, त्यांना ते फार झोंबायचं. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

या मास्तरांची ख्याती अशी, की एकदा घेतलेलं माप ते विसरत नसत. एक गिऱ्हाईक परगावी नोकरीला गेलं आणि तिथून निरोप पाठवला, सदरा शिवून ठेवा, येतो. मास्तरांनी आठवणीतल्या मापाने शिवला. गिऱ्हाईक आलं ते पोट पुढे घेऊन. बटणं काही लागेनात. मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "सदरा बरोबर आहे. तुम्ही चुकलात." दुकानात बसलेले आम्ही सगळे पोट धरून हसलो.

तर अशा या मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. खुबा मोडला. दवाखान्यातून लेकीने त्यांना परस्पर आपल्या घरी नेलं आणि अंघोळ घालायला एक बाई लावली. मास्तर दर रविवारी भेटायला जात, बरोबर मी. वहिनी पलंगावर, कमरेपर्यंत पांघरूण. बोलणं मात्र पहिल्यासारखंच खणखणीत.

"आता घरी चल," मास्तर एका रविवारी म्हणाले.

"आणि अंघोळ?"

"मी आहे की."

"तुम्ही नको." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग विचार केला असावा की हा काय घरचाच. "इथली बाई परकी आहे. तिच्यापुढे मी डोळे मिटून घेते, ती गेली की विषय संपला. तुमच्यापुढे पुन्हा बसून जेवायचंय मला. माझी अंघोळ मला करता आली तर येईन. नाही तर इथेच बरी."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गवंड्याला बोलावलं. उंबरा काढायचा, घसरणारी फरशी बदलायची, बसायला कट्टा, धरायला दांडे. गवंड्याने आकडा सांगितला.

"एवढ्यात मी अख्खं घर शिवून देईन," मास्तर म्हणाले.

"मग शिवा की," गवंडी म्हणाला आणि गेला.

मास्तरांनी ते मनावर घेतलं. न्हाणीघराच्या जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, कोपऱ्याकोपऱ्यात दाबून बसवली, कात्रीने कापली आणि खडूने खुणा केल्या. फरशीच्या दुकानात उरलेसुरले, कडा उडालेले तुकडे स्वस्तात मिळतात. ते पोत्यात भरून आणले आणि कागदावर असे मांडले, की चिंधीएवढा तुकडा वाया जायला नको. दांडे भंगारातून आणले, मोडीत काढलेल्या बसचे. मी म्हटलं, "मास्तर, आता वहिनींना तिकीट काढावं लागणार." ते हसले. त्या दिवसांत ते बरेच हसायचे. पहिल्यांदा उतार चुकला आणि सगळं पाणी स्वयंपाकघरात आलं, तेव्हासुद्धा. फरशी उचकटली, पुन्हा घमेल्यात सिमेंट कालवलं, पुन्हा बसवली.

कट्ट्याची उंची ठरवायची वेळ आली. मास्तरांनी डोळे मिटले आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप सांगितलं. मग कोपराची उंची सांगितली, ती दांड्यासाठी.

"रविवारी जातोच आहोत, मोजून घेऊ की," मी म्हटलं.

"लग्न झाल्यापासून तिचे झंपर-परकर मी शिवतोय. तिचं माप तुम्ही मला शिकवताय?"

आडवं झालेलं माणूस उभं राहिलं की केवढं भरेल, हे माझ्या तरी कुठे डोक्यात आलं होतं.

काम संपलं आणि लेक वहिनींना रिक्षातून घेऊन आली. त्या काठी टेकत उतरल्या आणि मास्तरांचं तोंड उतरलं. वहिनी कमानीसारख्या वाकल्या होत्या. एक पाय आखूड झाला होता, चालताना त्या बाजूला पार कलत होत्या. मास्तरांच्या खांद्याशी येणारी बाई आता त्यांच्या कोपराशी आली होती.

न्हाणीघरात जाऊन वहिनींनी दार लोटून घेतलं. आम्ही तिघे बाहेर उभे. काठी टेकल्याचा आवाज आला. मग हात भिंतीवरून फिरल्याचा. आम्ही नळाच्या आवाजाची वाट पाहत राहिलो, तो आला नाही. बऱ्याच वेळाने आतून हाक आली, ती लेकीला.

लेक गेली, आईला धरून बाहेर घेऊन आली. दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, कट्ट्यावर बसलं की तिचे पाय लोंबतात. दांडा खांद्याच्या वर येतो. तिला उठता येईना."

वहिनी कोरड्याच होत्या. "काम नेटकं केलंय हो," त्या म्हणाल्या. "तुकडे जोडलेत असं वाटत नाही."

"मी फोडतो कट्टा. खाली घेतो."

"घ्या. पण मी अजून वाकणार आहे, डॉक्टर म्हणालेत. किती वेळा फोडाल?"

दुपारी जेवून त्या लेकीबरोबर परत गेल्या. रिक्षा वळायच्या आत बोळात छन्नीचा आवाज सुरू झाला.

या वेळी मास्तर टेप घेऊन गेले. पण तोवर वहिनींना ताप येऊन गेला होता आणि उभं राहणं संपलं होतं. पलंगाच्या कडेला बसवलं तरी मान खाली पडे. त्या रविवारी अंघोळीची बाई आली नव्हती, लेक औषधं आणायला गेलेली. वहिनींचं अंग घामाने चिकट झालं होतं. मी बाहेरच्या खोलीत थांबलो. पुढचं मला मास्तरांनीच सांगितलं, तेही मशीनवरून नजर न उचलता.

ते म्हणाले, "मी नुसता बसलो होतो. विचारायची हिंमत नव्हती. तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि म्हणाली, पाणी फार कढत नको."

त्यानंतर मास्तरांनी दुकान दुपारीच उघडायला सुरुवात केली. सकाळी ते लेकीकडे असायचे.