नाक्यावरची गादी
परवा गाद्या भरायला टाकल्या. दुकानात पिंजलेल्या कापसाचा उबदार वास आला आणि मला पैनगंगेच्या पुलाजवळचा नाका आठवला.

सरकीसकट कापूस राज्याबाहेर न्यायला तेव्हा बंदी होती. कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत मी तिथं एक साहेब आणि दोन जुन्या शिपायांच्या हाताखाली तपासणीच्या कामाला होते. एका दुपारी एसटीतून एक म्हातारी उतरली. तिच्या काखेत हातभर लांबीची गादी होती.

"पोरगी बाळंत झाली नदीपल्याड. नातवाले नेऊन राह्यली," ती म्हणाली.

गाद्यांमधूनही चोरटा कापूस जायचा. साहेबांनी मला गादी चाचपायला सांगितलं. आत सरकी लागली, तर गादी फाडायची होती.

माझ्या बोटांना दोन सरक्या लागल्या.

"घरीच निवडला कापूस वं माय. नजर कमी झाली माही," म्हातारी हळूच म्हणाली.

"काही नाही, सर," मी कापऱ्या आवाजात सांगितलं. साहेब पाठमोरे उभे राहून माठातलं पाणी पीत होते. "जाऊ दे मग," ते म्हणाले.

आपलं खोटं उघडं पडेल म्हणून मी आठवडाभर भीत होते. आता वाटतं, मुरलेले शिपाई शेजारी उभे असताना साहेबांनी मुद्दामच मला पुढं केलं होतं.