चाकामागचा दगड

हसायचंय ना? हसा बापडे. माझी फजिती मीच सांगते, म्हणजे दुसऱ्यांनी तिखटमीठ लावायला नको.

मी धवलारीण. आम्हा आगऱ्यांत धवलारणीनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्याशिवाय लग्न लागत नाही. दुसरी मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या वैशाखात आठवड्यातलं माझं हे चौथं लग्न. गाण्याचं हो, स्वतःचं नाही! घसा बसलेला, पाय सुजलेले. तळोज्याच्या पलीकडे नवरी हळद लावून बसलेली, लग्न दिवस मावळायच्या आत लागायचं. म्हणून तिच्या बापानं मला आणायला पनवेलला मोटार धाडली. पलटणीनं टाकून दिलेली, मागून उघडी, एरवी मिठाची पोती वाहणारी. डायवर गणपत, लढाईवरनं परत आलेला.

रस्ता कसला! नुसते खड्डे. मागं पोत्यांच्या जागी बसलेली मी, माझ्या आतड्यांनी जागा बदलल्या. मग लागला सुका नाला. उतरलो नीट, पण पलीकडच्या चढावर मोटार अडली.

बैलगाडी चढावर अडली तर आपण काय करतो? उतरून चाकामागं दगड लावतो, गाडी घसरू नये म्हणून. मीही उतरले. चांगला उखळाएवढा दगड ढकलत आणला न् मागच्या चाकाला लावला.

मोटार गुरगुरली. हलेना.

"काय झालं रे गणपत?"

"कळत नाय गो बाय!"

"दमली असंल. जरा दम खाऊ दे तिला."

परत गुरगुर, परत धूर. मी दुसऱ्या चाकालाही दगड लावला. "घाबरू नको रे, मी हाय मागं!"

काहीतरी मोडलं म्हणून त्यानं पुढचं झाकण उघडलं. तास गेला. उन्हं कलली. तिकडे ती पोर ताटकळलेली, इकडे मला रडू फुटायची वेळ.

शेवटी गणपत मागं आला. दगड बघितले.

"हे कोणी लावलं?"

"मीच! मोटार मागं जाऊ नये म्हणून."

तो मटकन खालीच बसला. "बाय, मी मगासपासनं मागंच नेतोय तिला! लांबनं पळवत आणल्याबिगर हा चढ चढायची नाय ती!"

मोटार उलटी चालते, हे मला काय ठाऊक? बैल कधी उलटा चालतो?

पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. "मोटारीनं दगा दिला का गो बाय?" मांडवात सगळ्यांनी विचारलं. "तर काय!" मी म्हटलं. गणपत चाक पुसायला निघून गेला. मीही मान खाली घालून बसलेल्या घशानं लग्न लावलं.

पुढच्या लग्नाला तीच मोटार दारात. गणपतनं पुढचं दार उघडलं. अख्खी आळी बघत राहिली. धवलारणीचा मान बघा, डायवरशेजारी बसवली! मी पदर सावरत ऐटीत चढले.

गणपत हळूच म्हणाला, "बाय, तू आपली माझ्या डोळ्यांसमोरच बस."