सरपंचाची आंघोळ

कमलबाईच्या घरात 'कोंबडी' हा शब्द उच्चारायची बंदी होती. सासरे हिलाल आबा तुळशीची माळ घालणारे. बोलायची वेळ आलीच तर ते 'ते पाखरू' म्हणत आणि म्हटल्यावर चूळ भरत. कमलबाईचं माहेर मात्र शिरपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिथे अंगणात माणसांपेक्षा कोंबड्या जास्त. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती माहेराहून परतली ती पाटीखाली दोन तलंगा, कोवळ्या कोंबड्या, झाकूनच. आबांनी अन्न सोडलं. पण सुनेने वांग्याचं भरीत केलं आणि त्या वासापुढे आबांचा निग्रह ढेपाळला. जेवता जेवता तह झाला: पाखरं गोठ्यामागे राहतील, अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही आणि आबांच्या भजनाच्या वेळी कोणी आरवणार नाही. यातली शेवटची अट कोंबड्यांना कोणी सांगितली नाही.

पुढे कोंबड्यांचा मोठा गोतावळा झाला. त्यातच एक कोंबडा निपजला, लालभडक अंगाचा, हिरवट काळ्या शेपटीचा. काम काही नाही, दिवसभर छाती काढून गावभर फिरायचं आणि उकिरड्यावर चढून ओरडायचं. कमलबाईने त्याचं नाव सरपंच ठेवलं. गावचे खरे सरपंच रुपचंद भाऊ दारात येऊन म्हणाले, "वहिनी, हाई बरं नही."

"भाऊ, मी नाव बदलस," कमलबाई पदर सावरत म्हणाली, "तुम्ही चाल बदला."

रुपचंद भाऊ गेले. जाताना जरा वाकून चालले म्हणे.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात पाचोऱ्याला पशुपक्षी प्रदर्शन भरणार असल्याची दवंडी पिटली गेली. आबा आपली बैलजोडी नेणार होते. गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाने गोठ्यामागे डोकावून सरपंचाला पाहिलं आणि कमलबाईला म्हणाला, "हा पण न्या. फक्त स्वच्छ धुऊन न्या. मातीने माखलेला पक्षी परीक्षक हातात घेत नाहीत."

कोंबडं धुवायचं! गावाने असलं काही ऐकलं नव्हतं. कोंबडं फक्त एकदाच गरम पाण्यात घालतात, आणि तेव्हा त्याला त्याचं सुखदुःख नसतं. पण कमलबाईच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं.

पहिल्या आंघोळीला तिने सकाळचं ऊन पाहून घमेल्यात कोमट पाणी घेतलं, रिठ्याचा फेस केला आणि सरपंचाला आत बसवलं. सरपंच एका झटक्यात बाहेर. ओलाचिंब, फेसाळलेला, निम्म्या आकाराचा झालेला तो गोठा ओलांडून सरळ ओट्यावर घुसला. तिथे आबा चिपळ्या घेऊन भजनाला बसले होते. सरपंचाने त्यांच्यासमोर उभं राहून अंग झाडलं.

आबांनी दुसरी आंघोळ केली. मग तुळशीला पाणी घालून तिसरी केली. सुनेशी बोलणं बंद झालं. कमलबाईला आत कुठेतरी बरंच वाटलं, तेवढीच शांतता.

पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. अंग झाडून झाल्यावर सरपंच पळाला नव्हता. आबा भीतीने जोरजोरात 'रामकृष्णहरी' म्हणत चिपळ्या वाजवत होते आणि कोंबडा मान तिरपी करून ऐकत उभा होता. तेव्हापासून तिने आंघोळीची वेळ भजनाच्या वेळेला बांधली. ओट्यावर चिपळ्या वाजल्या की इकडे गोठ्यात सरपंच घमेल्यात गप्प बसे. छातीखाली एक हात ठेवून ती दुसऱ्या हाताने पिसांच्या दिशेनेच पाणी फिरवी, मग साध्या पाण्याने फेस काढी, शेवटच्या पाण्यात लिंबू पिळी. पोत्यावर बसवून उन्हात वाळवलं की तुऱ्याला आणि पायांना खोबरेल तेलाचं बोट. पायांच्या खवल्यांत अडकलेली घाण ती दात घासायच्या ब्रशाने काढी. ब्रश नवऱ्याचा होता. अभिमन पाचोऱ्याला कापसाच्या जिनिंगात कामाला, जन्माचा मुका स्वभाव. एके सकाळी त्याला दातांत लाल पीस सापडलं. संध्याकाळी येताना नवा ब्रश आणला आणि आढ्याला खोचून ठेवला, बायकोचा हात पोचणार नाही इतक्या उंच.

प्रदर्शनाच्या दिवशी आबा बैल घेऊन पहाटेच निघाले. मागून कमलबाई एसटीने गेली, मांडीवर फडक्याने झाकलेली पाटी. पक्ष्यांचा तंबू एका टोकाला होता, बैलांचा दुसऱ्या टोकाला. मध्ये भजी, जिलेबी आणि खताच्या पिशव्यांचे फलक. परीक्षक जळगावहून आलेले एक डॉक्टर होते. टेबलावर कोंबडा ठेवायचा, ते पंख उघडून बघणार, तुरा बघणार, पाय बघणार.

सरपंचाला टेबलावर ठेवलं आणि नेमका डोक्यावरचा कर्णा खरखरला. सरपंच पिसाळला. डॉक्टरांचा चष्मा उडाला, टेबलावरचा गुलाल सांडला, तो कर्ण्याच्या खांबावर झडप घालू लागला. कमलबाईने कशीबशी त्याला कवेत धरलं.

"बाई, शांत होत नसेल तर बाद करावा लागेल," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले.

"दम धरा साहेब. त्याना भजनी बुवाले लई येस."

कोंबडा काखेत घेऊन ती बैलांच्या तंबूकडे धावली. आबा बैलाच्या शिंगाला तेल चोळत होते.

"आबा, चला. जरासं भजन म्हणी द्या."

"कोनापुढे?"

"सरपंचापुढे."

आबांना आधी रुपचंद भाऊ वाटले. मग काखेतला तुरा दिसला. "कमल, तुले काही लाज शे का? मी पाखरापुढे भजन करू? जग काय म्हणी?"

"घरी रोज आयकस तो. तुमना आवाजावरच आंग धू देस. तुमना आवाज नही ते बाद व्हई जाई."

आपल्या आवाजाला निदान एकतरी नियमित श्रोता आहे, हे आबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गावात त्यांनी सुरू केलं की लोकांना शेतातली कामं आठवत. ते हातातला तेलाचा बोळा टाकून निघाले, पण वाटेत बजावून: "मी त्याले पाहावाव नही."

आणि खरंच, आबा टेबलाकडे पाठ करून खांबाकडे तोंड करून उभे राहिले, कंबरेच्या चिपळ्या काढल्या आणि डोळे मिटून सुरू झाले. तंबूतली गडबड थांबली. सरपंचाने मान तिरपी केली. एक पाय पोटाशी घेतला. खालची पापणी हळूहळू वर चढली. डॉक्टरांनी पंख उघडले, पिसांत नाक खुपसलं, लिंबाचा वास घेतला आणि म्हणाले, "असा कोंबडा मी पाहिला नाही." बुवाही पाहिला नाही, असं त्यांना म्हणायचं असावं, पण ते सरकारी माणूस होते.

सरपंचाला देशी कोंबड्यांत पहिलं बक्षीस मिळालं. आबांच्या बैलांना काहीच मिळालं नाही. "पाहनारास्ले डोया नहीत," आबा म्हणाले.

तेवढ्यात पांढऱ्या सफारीतला एक माणूस आला. प्रमुख पाहुण्यांच्या मागेपुढे करणारा. "बाई, कोंबडा इथंच ठेवा. साहेबांचा मुक्काम रेस्ट हाऊसला आहे. पहिल्या नंबराचाच पाहिजे म्हणाले. तुमचं काय असेल ते देऊ."

नको म्हणावं तर माणूस जोरातला. कमलबाईने सरपंचाला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "देती, पन हाऊ कोंबडा माळकरी शे."

"काय?"

"रोज आंग धोस, भजन आयकस. इचारा आबास्ले. त्याले कापशात ते आमना आबाना शाप लागी."

माणसाने आबांकडे पाहिलं. त्यांच्या गळ्यातली माळ पाहिली. "खरं का हो आजोबा?"

आबा जन्मात खोटं बोलले नव्हते. निदान ते तसं सांगत. ते बराच वेळ घसा साफ करत राहिले. कमलबाई त्यांच्याकडे बघायचीही थांबली.

"भजन आयकस, हाई खरं शे," आबा शेवटी म्हणाले. "किडामुंगी खाई लेस जरासा. पन आजकालना माळकरी तरी बठ्ठा नेम कोठे पाळतस?"

सफारीवाल्याने दोघांना एकदा आळीपाळीने न्याहाळलं आणि शाप नको म्हणून पुढच्या खुराड्याकडे वळला. दुसऱ्या नंबराचा कोंबडा त्याच्या मालकाने हसत दिला. कमलबाईला त्याचं वाईट वाटलं. तोही कोणीतरी चोळून चोळून धुतलेला होता.

उन्हाळ्यात गावात कोंबड्यांच्या मानमोडीची साथ आली आणि त्यात सरपंच गेला. कमलबाई गोठ्यात बसून मोठ्याने रडली; माणूस गेल्यासारखं काय रडतेस, असं शेजारची मंदाबाई म्हणाली तेव्हा, "माणसं कोठे इतकं आंग धोतस?" म्हणून तिलाच झाडलं. अभिमनने शेवग्याखाली खड्डा खणला. आबा 'कोंबडा गया' म्हणाले आणि चूळ न भरता ओट्यावर बसून राहिले.

पण कमलबाईची खोड गेली नाही. गावातल्या बाया आपापल्या कोंबड्या तिच्याकडे धुवायला आणू लागल्या, रुपचंद भाऊंची बायकोसुद्धा. पुढच्या हिवाळ्यात तिने एक पांढरीशुभ्र कोंबडी प्रदर्शनाला नेली. तिसरा नंबर आला. कमलबाईला तो मान्य नव्हता. परीक्षकाने कोंबडीची शेपटी उलट्या बाजूने कुरवाळली, असं तिचं म्हणणं होतं, आणि तंबू उतरवणारी माणसं दोऱ्या गुंडाळू लागली तरी ती परीक्षकाशी भांडत उभी होती.