नारिंगी चेंडूचा सामना

झावादनो गावाच्या रेल्वे फाटकावर वालेंती गोंशोरनं एकतीस वर्षं काढली. एवढ्या काळात त्याच्या हातून एकदाही घोळ झाला नाही, हे तो स्वतः कधी बोलला नाही, गावच बोलायचं. निवृत्त झाल्यावर गावाच्या फुटबॉल क्लबनं, म्हणजे कोलेयाशनं, त्याला संघाचा व्यवस्थापक केलं. व्यवस्थापकानं करायचं काय, तर खेळाडूंची ओळखपत्रं सांभाळायची, सामन्याचा कागद भरायचा आणि मुख्य म्हणजे पिवळी कार्डं मोजायची. लीगमध्ये चौथं पिवळं कार्ड मिळालं की गडी पुढचा सामना बाहेर. जिल्ह्याच्या कपमधली कार्डं वेगळी, ती लीगमध्ये धरत नाहीत. बंदी असलेला गडी चुकून मैदानात उतरला तर जिंकलेला सामनाही हातचा जातो. नदीपलीकडच्या क्लबचा तसा एकदा गेला होता. त्यांचा व्यवस्थापक अजूनही चर्चमध्ये मागच्या दारानं येतो.

वालेंतीनं आपली एक पद्धत बसवली होती. स्वयंपाकघरात भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. सामन्याच्या दिवशीचं पान खिशात घालून न्यायचं आणि त्यावर कार्ड मिळालेल्याचं नाव न् मिनिट लिहायचं. कपचे सामने बुधवारी व्हायचे, लीगचे शनिवारी. बुधवारचं पान बिस्किटांच्या डब्यात, शनिवारचं चहाच्या डब्यात. क्लबचा अध्यक्ष सेवेरिन हा गावातला खाटीक. तो दर वर्षी टोमणा मारायचा, "काका, जग मोबाइलवर गेलं, तुमचे डबे काही सुटेनात!"

"तू सॉसेज मोज. कार्डं मी मोजतो."

त्या वर्षी संघाला काय झालं होतं देव जाणे. ख्रिसमसपर्यंत कोलेयाश लीगमध्ये दुसरा, आणि जिल्ह्याच्या कपमध्येही टिकून. वरच्या गटात जायला पहिला नंबर हवा होता, आणि झावादनो वरच्या गटात शेवटचं खेळलं तेव्हा वालेंतीच्या डोक्यावर केस होते. या सगळ्याच्या मध्यभागी कप्तान रेमेक होलेवा. छत्तीस वर्षांचा, रेल्वेचे डबे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात वेल्डर. गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. लीगचे त्याचे सामने तीनशेच्या जवळ आले होते. त्यानं जाहीरच केलं, "तीनशे झाले की बूट खुंटीला. मग कोणी पाया पडलं तरी नाही."

मार्चमध्ये एका बुधवारी इतका बर्फ पडला की कपचा सामना रद्द झाला. त्या आठवड्यात लीगला सुट्टी होती, म्हणून तो सामना शनिवारी खेळवला. तरीही बर्फ होताच, त्यामुळे चेंडू नारिंगी आणला. कोलेयाश जिंकला, रेमेकला पिवळं कार्ड मिळालं. वालेंतीनं घरी येऊन चहाचा डबा उघडला, शनिवारचं पान आत टाकलं आणि सूप प्यायला बसला.

मे महिन्यात कप गेला. उपांत्य सामन्यात, पेनल्टीवर. मग उरली लीग. शेवटचा सामना जूनमध्ये, घरच्या मैदानावर, जिंकला की वर. रेमेकचा तो तीनशेवा. आदल्या गुरुवारी वालेंतीनं चहाचा डबा टेबलावर ओतला, डोळ्यांत तेल घालून पानं मोजली, परत मोजली. गेल्या शनिवारचं धरून रेमेकची चार भरली.

सरावाच्या वेळी त्यानं सांगितलं तेव्हा रेमेकचं तोंड उतरलं. "काका, नीट बघा ना. मला तीनच वाटताहेत."

"वाटण्यावर गाड्या चालत नाहीत रे बाबा," वालेंती म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम. सेवेरिननं विषयच मिटवला, "वालेंती काकांनी मोजलंय ना? मग चारच."

शनिवारी रेमेक लग्नातला सूट घालून बाकावर बसला. कुंपणापाशी चाकांच्या खुर्चीत त्याचे वडील होते, म्हातारे हुबेर्त. अठरा वर्षांत त्यांनी मुलाचा एकही सामना पाहिला नव्हता. चेंडूमागे धावणाऱ्याला ते माणसांत धरत नसत. पण तीनशे म्हणजे तीनशे, म्हणून तेही आले होते. सत्तर मिनिटं उलटल्यावर कोलेयाशला पेनल्टी मिळाली. पेनल्टी नेहमी रेमेक मारायचा. ती दुसऱ्यानं मारली, ती कुंपणाबाहेर गेली. सामना एक-एक सुटला. गावानं पंचाला शिव्या घातल्या आणि हुबेर्तना खुर्ची ढकलत घरी नेलं.

जूनच्या शेवटी वालेंती दरवर्षीप्रमाणे पानं चुलीत घालायला बसला. एक पान हातात थांबलं. 'रेमेक, ७१वं मिनिट', आणि खाली त्याच्याच अक्षरात, 'नारिंगी चेंडू'. त्या वसंतात नारिंगी चेंडूनं एकच सामना झाला होता, आणि तो लीगचा नव्हता.

त्यानं चुलीचं दार बंद केलं.

"अहो, पांढरे का पडलात?" त्याची बायको स्तेफा म्हणाली. त्यानं पान तिच्यापुढे धरलं. तिला समजायला वेळ लागला. "म्हणजे तो खेळू शकला असता?"

"हो."

"मग जा आणि सांगा."

"कुणी विचारलंय का?" वालेंती म्हणाला. खरंच कुणी विचारत नाही. बंदी असून खेळलेल्याला जिल्हा संघटना लगेच पकडते, पण बंदी नसून घरी बसलेल्याची चौकशी कुणाच्या बापानं केली नाही.

"एकतीस वर्षं फाटक सांभाळलंत, आणि आता घाबरता?"

"फाटकावर तोंड दाखवावं लागत नव्हतं," तो म्हणाला आणि मूग गिळून बसला. उन्हाळा गेला. रेमेकनं दोनशे नव्व्याण्णववरच बूट खुंटीला टांगले. ऑक्टोबरात हुबेर्त वारले. वालेंती दफनाला गेला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला आणि माती न टाकताच परत आला.

डिसेंबरात क्लबात दर वर्षी ओप्वातेकची, म्हणजे नाताळच्या वडीची, बैठक होते. बीटाचं सूप, खारवलेला मासा, आणि त्याआधी प्रत्येकानं हातातली पातळ पांढरी वडी प्रत्येकाशी मोडून खायची आणि एकमेकांना चांगलं चिंतायचं. मनात काही ठेवून ती मोडत नाहीत. वालेंती टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला रेमेकला टाळत राहिला. शेवटी रेमेकच समोर आला, वडी पुढे धरून. "काका, काय पळताय? तब्येत चांगली राहो तुमची."

वालेंतीचा हात वर येईना. "रेमेक, तुझी तीनच होती. चौथं कपचं होतं. सामना शनिवारी खेळवला म्हणून मी ते चहाच्या डब्यात टाकलं." त्यानं खिशातून पान काढून दिलं.

रेमेकनं पान वाचलं. बराच वेळ वाचलं, एवढं त्यात काही नव्हतं.

"बाबा मला सूटमध्ये बघून गेले," तो म्हणाला. "वाटेत म्हणाले, अठरा वर्षं तू बाकावरच बसत होतास की काय?" मग वडी न मोडताच त्यानं ती पानात गुंडाळली, कोट उचलला आणि सूप न घेता निघून गेला. सेवेरिन लांबून ओरडला, "याला काय झालं?" वालेंतीला लाज वाटत होती, आणि ती लपवायला त्याला जागा उरली नव्हती.

वडी मोडायची मुदत फेब्रुवारीच्या दोन तारखेपर्यंत, नाताळचे दिवस संपतात त्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत. एक तारखेला भरदुपारी दार वाजलं. रेमेक. तो बसला नाही. खिशातून ते पान काढलं, उलगडलं. वडीचा चुरा होत आला होता. उरलेला तुकडा त्यानं पुढे धरला. वालेंतीनं कोपरा मोडला, रेमेकनं दुसरा. कुणी काही चिंतलं नाही. मग रेमेकनं टेबलावर नोंदणीचा अर्ज आपटला.

"वसंतासाठी भरा. एकच सामना खेळणार."

"गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. तुम्ही फक्त मोजा." दारात जाऊन तो वळला. "नाही. मोजणार मीच."

मार्चच्या शेवटच्या शनिवारी त्याला उतरवलं. पाचव्या मिनिटाला शिट्टी वाजून गेल्यावर त्यानं चेंडू मुद्दाम कुंपणापार मारला. पंचानं पिवळं कार्ड काढलं. प्रेक्षक हसले, सेवेरिननं कपाळाला हात लावला. रेमेक लंगडत बाजूच्या रेषेपर्यंत आला.

"काका! कुठला डबा?"

"चहाचा."

"का?"

वालेंतीनं पेन्सिल पानावर टेकवली. "लीग आहे म्हणून."

"शनिवार आहे म्हणून नाही ना?"

"नाही रे. लीग आहे म्हणून."

"मग लिहा," रेमेक म्हणाला. जूनमध्ये चाकांची खुर्ची होती त्या कुंपणाकडे त्यानं एकदा पाहिलं. तिथे कुणीतरी बिअरचा क्रेट ठेवला होता. "आणि खाली तीनशे लिहा. मोठ्या अक्षरात."

वालेंतीनं लिहिलं.