टेक इट इझीवाल्या बाई

अंबरनाथला आमच्या गल्लीतल्या लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या बाईंचं नाव मला अजून माहीत नाही. त्यांच्या तोंडी सतत 'टेक इट इझी' असतं आणि त्याचा अर्थ सुरावरून ओळखायचा. मूठ आवळून बसलेल्याला हळूच म्हणाल्या, तर हात सैल सोडा. रांगेत भांडणाऱ्याला म्हणाल्या, तर गप खाली बसा.

गेल्या महिन्यात आईला नेलं होतं. केमोपासून तिच्या शिरा सापडत नाहीत. बाईंनी दोनदा सुई टोचली, पण रक्त आलं नाही. आईचे डोळे भरले. बाईंनी सुई खाली ठेवली आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "टेक इट इझी."

मग म्हणाल्या, "काकू, आज माझा हात चालत नाहीये. सरांना बोलावते."

"नको गं, तूच घे," आई म्हणाली. "दुसऱ्या कुणाची मला भीती वाटते."

बाईंनी गरम पाण्याची पिशवी आणली आणि आईचा हात मांडीवर घेऊन शेकत बसल्या. बाहेर रांग वाढत होती, तरी उठल्या नाहीत. नंतर सुई कधी गेली ते आईला कळलंच नाही. ती त्यांना कैरीच्या लोणच्याचं प्रमाण सांगत होती.