सुरेशची जागा

डिसेंबरात धाटावच्या कारखान्यांजवळच्या एका गावात सर्वेचं काम मिळालं होतं. घरात माणसं किती, मूळची कुठली, कमाई कशावर... सगळं मोबाईलमध्ये भरायचं. दहावीनंतर मी काय काय केलंय त्याची यादी मोठी आहे, हे त्यातलंच एक.

सकाळी निघालो, पण कोलाडला मिसळ आणि एका ट्रकवाल्याच्या गप्पांत बारा वाजले.

गावात भर दुपारी चिटपाखरू नाही. दारं मात्र सताड उघडी, आणि प्रत्येक दारात चपलांचा ढीग. आठ-दहा जोड... आतून आवाज शून्य.

शेवटच्या घरी एक काकी भिजवलेले वाल सोलत होत्या. मी 'यादी करायची आहे' म्हटल्याबरोबर लगबगीने उठल्या. विचारायच्या आधीच नावं सांगितली. मनोहर, सुरेश, दिलीप. तीन मुलगे, तिघेही घरातच.

कुठे आहेत म्हटल्यावर त्यांनी आतलं दार ढकललं. अंधारात ओळीने माणसं झोपलेली, डोक्यावरून चादरी. पेणला गणपतीच्या कारखान्यात होतो मी काही महिने... डोळे न रेखलेल्या मूर्ती कापडाखाली अशाच दिसतात.

"दिलीप," काकींनी हाक मारली. एक चादर हलली.

"व्हय आई."

मी त्याला मूळ गाव विचारलं. त्याने झोपेतच झारखंडातल्या कुठल्याशा जिल्ह्याचं नाव सांगितलं. काकींचा चेहरा पडला.

मग कळलं, त्यांना मी गावकीचा माणूस वाटलो होतो. शिमग्याच्या पालखीआधी तिथे घरोघरची यादी तपासतात. पालखी दारात आली की घरातल्या पुरुषांची नावं पुकारतात, प्रत्येकाने ओ देऊन खांदा द्यायचा. एक जरी ओ चुकली तरी पालखी पुढे जाते.

खरे मुलगे पनवेल, सुरत असे पांगलेत, कित्येक वर्षांत फिरकले नाहीत. भात, वाल करायला कोणी उरलं नाही. आता घर चालतं कंपनीतल्या पोरांच्या भाड्यावर... एक शिफ्टला गेला की दुसरा त्याच अंथरुणावर.

"हा तिसरा दिलीप हाय," काकी हळूच म्हणाल्या. "सगल्यांना ओ द्यायला मीच शिकवते. देव दारावरून पुढं गेला तर घर मेलं आमचं, बाबा."

मी फॉर्ममध्ये खरं ते भरलं. ही यादी गावकीकडे जात नाही, एवढं त्यांना सांगितलं.

निघताना त्यांनी विचारलं, तू कुठं राहतोस. म्हटलं, पेणला होतो, मग महाडला, सध्या एका मित्राकडे... त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सुरेश असाच. एका जागी नाय टिकला." आणि मग, "यंदा त्याची जागा रिकामी हाय अजून."

मी हसलो आणि सटकलो.

काल शिमग्याची पालखी होती. मी नुसता बघायला गेलो होतो, खरंच.

काकींच्या दारात पालखी आली. गावकीच्या म्हाताऱ्याने पुकारलं, मनोहर. ओ आली. दिलीप. ओ आली... पण हा डिसेंबरातला नव्हता. चौथा असावा.

"सुरेश."

ढोल थांबला. म्हाताऱ्याने पुन्हा तेच नाव घेतलं, शांतपणे, जराही घाई न करता. मी आजूबाजूला पाहिलं तर अख्खा गाव माझ्याकडे बघत होता. त्या गावात मला काकींशिवाय कोणी ओळखत नाही.

"ओ," मी म्हणालो.

दांडा खांद्यावर टेकला. काकींनी पालखी ओवाळली, मग आम्हा तिघांना. खाली पाहिलं तर दारातल्या ढिगात माझ्याही चपला होत्या. कधी काढल्या, आठवत नाही.

इतकी गावं फिरलो, माझ्यासाठी कोणी थांबलेलं कधी दिसलं नव्हतं. काकी, तुमचे आभार मानायलाच हवेत. फक्त खरा सुरेश काल कुठल्या गावात, कुणाच्या नावाला ओ देत होता... हे काही डोक्यातून जात नाही.