रेवण्णा आणि माडीखालचा कॉम्प्युटर

रेवण्णा कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचा आणि आधी कॉम्प्युटरकडे बघायचाच नाही. दारात उभा राहायचा. नाक वर करून दोन-तीनदा हुंगायचा. मग आत येऊन बटणांच्या बोर्डाशेजारी भिंतीला हात लावायचा, तोही तळवा नाही, हाताची उलटी बाजू. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणूस सकाळीच घेऊन आलाय. माझ्या शेजारच्या मशीनवरची शाहीन जिन्यातून वाकून बघत म्हणाली, "क्या बुड्ढा है रे बाबा, दीवार का बुखार देखता!"

त्यानं वर बघितलं. हसला नाही. "ताप हाय की," म्हणाला. "तुमी वर कितीजणी हाय?"

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी कडा शिवायची. बावीस वर्षं शिवल्या. खाली मालकाची खोली आणि पॅकिंग, वर माडीवर आम्ही नऊ बायका, नऊ शिलाई मशीन आणि दोन मोठ्या इस्त्र्या. खिडक्यांना लोखंडी जाळी, मालकानं चोरीच्या भीतीनं पक्की ठोकलेली. वर जायला-यायला एकच जिना. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या जिन्यावर आहे.

मालकाच्या खोलीतला कॉम्प्युटर जुना होता. त्यावर बिलं आणि खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापायच्या. बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा, पडद्यावर अक्षरं यायची आणि मध्येच काळोख. मग आपोआप पुन्हा घरघर, पुन्हा अक्षरं, पुन्हा काळोख. चार-पाच वेळा असं झालं की कधी लागायचा, कधी नाही. मालक त्याला थापट्या मारायचा. एकदा माल भरून टेम्पो दारात उभा राहिला आणि चिठ्ठ्या निघेनात, तेव्हा त्यानं सात रस्ता चौकातल्या दुकानातून रेवण्णाला बोलावलं.

रेवण्णा मूळचा वळसंगचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही. पन्नाशी ओलांडलेला, हाडकुळा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, पांढऱ्या शर्टाच्या खिशात पोरांचं खोडरबर आणि रंगवायचा एक ब्रश. डाव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, वरची कातडी चकचकीत. मी पुढं एकदा विचारलं होतं कशानं झालं. "तितं शिकलो," एवढंच म्हणाला. कुठं ते सांगितलं नाही.

त्यानं त्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतून बोटभर जाड टॉवेलचा भुगा निघाला, वाकळेतल्या कापसासारखा दाबून बसलेला. तो ब्रशनं काढला. हिरव्या पट्ट्या उपसून खोडरबरनं घासल्या आणि परत बसवल्या. मग एकेक वस्तू सोडवून बाजूला ठेवत गेला आणि प्रत्येक वेळी बटण दाबून बघत गेला. मालक घाई करायला लागला तसा म्हणाला, "मालक, घरात भांडण लागलं की एकेक पाव्हणा भायेर काढायचा. ज्यो गेल्यावर शांत हुतंय, त्यो लावतोय. घाई केली तर घरधन्यालाच भायेर काढाल."

सगळे पाव्हणे काढले तरी भांडण चालूच. तेव्हा तो डबा दुकानात घेऊन गेला. तिथं चार दिवस कॉम्प्युटर एका दमात लागत होता. पाचव्या दिवशी आणून जोडला. घरघर, अक्षरं, काळोख.

मालक म्हणाला, "दुकानात नवा भाग घातलास आणि हितं आणताना काढून घेतलास की काय रे?"

रेवण्णा चिडला नाही. खुर्ची ओढून बसला. दिवसभर बसून राहिला. दुपारी आम्ही मशीन बंद करून जेवायला बसलो, तेव्हा खालून त्याची हाक आली, "लागला! लागला बघा!" जेवण संपवून आम्ही मशीन सुरू केली आणि खाली काळोख. तो धावत जिना चढून वर आला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "निल्री, निल्री! थांबा म्हंतो की! सगळ्याजणी पाय उचला."

आम्ही पाय उचलले. खाली कॉम्प्युटर लागला. मग त्यानं एकेकीला मशीन सुरू करायला लावलं. पहिली, दुसरी, तिसरी. सहाव्या मशीनला माडीवरची ट्यूब फडफडली. इस्त्री लावली आणि खालून पॅकिंगचा माणूस ओरडला, "गेला!"

रेवण्णानं ट्यूबकडे बघितलं. मग जिन्याच्या तोंडाशी मोठा लाकडी बोर्ड होता, तिथं गेला आणि त्याला उलटा हात लावला. लावला तसा झटकन मागं घेतला. खाली जाऊन मालकाला जे बोलला ते आम्ही सगळ्यांनी वरून ऐकलं.

"कॉम्प्युटरला काय झालेलं न्हाय, मालक. त्याचं पोट नाजूक हाय, कमी वीज आली की ओकतंय. वायर बारीक, वर नऊ मशीन, दोन इस्त्र्या. बोर्डात कुटंतरी जोड ढिला झालाय, त्यो तापतोय. तुमच्या ह्या सगळ्या कारखान्यात त्यो कॉम्प्युटर एकटाच शहाणा हाय. बाकी सगळी मुकाट जळत्यात."

मालक म्हणाला, "तुला कॉम्प्युटर सुरू करायला बोलावलंय. भविष्य सांगायला नाही."

"वायरिंग बदला. तोवर निम्म्याच मशीन चालवा."

"आणि कॉम्प्युटर?"

"आपोआप लागंल."

मालकाला ते नको होतं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की यूपीएस घेतला, म्हणजे बॅटरीचा डबा जोडला, की वीज कमी-जास्त झाली तरी कॉम्प्युटर बंद पडत नाही. त्यानं रेवण्णाला तो बसवायला सांगितलं. रेवण्णानं हत्यारं पिशवीत भरली. "बोंबलणाऱ्याचं तोंड बांधायचं काम मी करत न्हाय," म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला, अर्ध्या तासात डबा बसवून गेला. त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. मालकानं आम्हाला पेढे वाटले. पेढा तोंडात असताना मी ट्यूबकडे बघत होते. ती फडफडतच होती.

आठवड्यानं रेवण्णा माझ्या घरी आला. माझा पत्ता त्यानं कुणाला विचारला ते ठाऊक नाही. चहा दिला तो उभ्यानंच प्यायला.

"अक्का, त्या बायकांत तुमी मोठ्या. काम सोडा म्हणून सांगायला मी आलो न्हाय. सोडून खाणार काय? पर वायरिंग तुमच्या हातात न्हाय, जिना हाय. त्या जिन्यात टॉवेलचे गठ्ठे ठेवत्यात. ते ठेवू देऊ नका."

"आणि मालक ऐकला नाही तर?"

"तुमचं तोंड बघून तर वाटत न्हाय की कुणी ऐकणार न्हाय."

मला राग आला आणि हसूही आलं. मी भांडकुदळ आहे हे त्याला एका दिवसात कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी तेच केलं. जिन्यात गठ्ठे दिसले की पहिल्या पायरीवर बसून राहायची. पॅकिंगचा माणूस शिव्या घालायचा. मालक म्हणायचा, "मावशी, तुम्हाला त्या येड्यानं भारलंय." मी म्हणायची, "भारलंय तर भारलंय, गठ्ठे उचला." आमच्यातल्या काहीजणी मलाच हसायच्या. शाहीननं तर रोज वर येताना भिंतीला हात लावून "अम्मा, आज बुखार कम है" म्हणायचा खेळच केला होता. मला तो खेळ आवडत नव्हता. कारण एक दिवस तिनं हात लावला आणि काहीच बोलली नाही. पदराला हात पुसत मशीनवर जाऊन बसली.

असे चार महिने गेले. रेवण्णा अधूनमधून कारखान्यावरून सायकलनं जायचा, थांबायचा नाही, फक्त दाराकडे मान वळवून हुंगायचा. हे पॅकिंगच्या माणसानं बघितलं. मालकानंही बघितलं. ते पुढं उपयोगाला आलं, आमच्या नव्हे, त्यांच्या.

मार्चमधल्या एका दिवशी, चहाची सुट्टी व्हायच्या जरा आधी, सगळी मशीन एकदम थांबली. वीज गेली म्हणून कुणी उठलं नाही. मग जिन्याच्या तोंडाशी फट् असा आवाज झाला आणि बोर्डातून काळा धूर यायला लागला. भुगा पेटायला वेळ लागत नाही, तो पेटत नाही, पळतो. मी ओरडले, "उठा, चपला राहू द्या!" जिना मोकळा होता. आम्ही नऊजणी एकमेकींना ढकलत खाली आलो. शाहीनचा हात भाजला, माझे पुढचे केस गेले, बाकी कुणाला काही झालं नाही. खाली सगळा अंधार आणि धूर, आणि त्या धुरात मालकाच्या खोलीत कॉम्प्युटर तेवढा चालू. पडदा निळा उजळलेला, बॅटरीचा डबा टीं टीं करत होता. मालकाला त्याच्या पडद्यावर बिलं दिसत होती आणि डोक्यावर माडी जळत होती. त्याला पॅकिंगच्या माणसानं ओढून बाहेर काढलं.

मला वाटलं, आता निदान रेवण्णाचं नाव होईल. झालं. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला नेलं.

विम्याचा माणूस आला होता. वायरिंग जुनं होतं हे मालकाला त्याला कळू द्यायचं नव्हतं. मालक सांगत सुटला, एक माणूस आधीपासून म्हणत होता जळणार, कारखान्यावर पाळत ठेवून होता, दुसऱ्याला काम दिलं म्हणून त्याला राग होता. त्याला आधीच कसं माहीत? लोकांना हे पटलं. ज्याला आधी कळतं त्याच्यावर लोकांचा विश्वास नसतो.

आम्हा नऊजणींना जबाबाला बोलावलं. मी चौथी शिकलेली, मला वाचता येतं. हवालदारानं लिहिलं होतं, 'सदर इसम माडीवर येऊन मुख्य बोर्डास हात लावताना मी समक्ष पाहिले.' मी दोनदा वाचलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता.

मी म्हणाले, "साहेब, कशासाठी लावला तेही लिहा की."

"विचारलंय तेवढंच सांगा, मावशी."

बाहेर मालक उभा होता. त्यानं नवी जागा बघितली होती, आणि तिथं कुणाला घ्यायचं ते त्याच्या हातात होतं. माझा मुलगा तेव्हा घरी बसून होता, घरात खाणारी पाच तोंडं. सबब म्हणून सांगत नाही, कुणी विचारेल म्हणून सांगते. मी सही केली. माझी झाल्यावर बाकीच्या आठजणींनी केली. शाहीननं डाव्या हातानं केली, उजव्याला पट्टी होती.

रेवण्णावर पुढं काही सिद्ध झालं नाही. दोन दिवसांनी सोडला. पण सात रस्त्यावर त्याच्या दुकानात कुणी डबा आणून देईना. कोण देईल? त्यानं दुकान बंद केलं आणि वळसंगला जाऊन भावाच्या शेतात राहिला.

मी त्याला भेटायला गेले ते तीन वर्षांनी. आधी का गेले नाही हे सांगायची गरज नाही. तो ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. आणखी वाळला होता. मला बघून सरकून बसला, माझ्यासमोर शेंगांचं सूप ठेवलं. मी बसल्या बसल्याच म्हणाले, "रेवण्णा, मी सही केली होती."

"ठावं हाय. वाचून दाखवलं हुतं मला. पयली तुमचीच हुती."

तो शेंगा फोडत राहिला. मग विचारलं, "नव्या जागेत बसता व्हय आता?"

"हो."

"वरच?"

"वरच."

"जिने किती हायत?"

"एक," मी म्हणाले.

त्याचे हात थांबले. मला वाटलं आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"मग आता तुमी सांगा त्यास्नी, अक्का," तो म्हणाला. "माझं कुणी ऐकत न्हाय. तुमची सही चालती."

गेल्या उन्हाळ्यात रेवण्णा वारला. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता. दुसरा जिना काढा म्हणून मी मालकाला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं मला कामावरून काढलं आणि माझ्या जागी माझ्या सुनेला ये म्हणाला. मी तिला पाठवलं नाही. त्या मशीनवर आता दुसऱ्या कुणाची तरी सून बसते.